टॅपनंतरचा एक श्वास

निधीचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक झालेला शर्लिनला दिसला आणि तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की हिला कळलंय. शनिवारची सकाळ होती. क्लास नुकताच सुटला होता आणि दोघी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, क्लासच्या गाळ्यासमोरच्या टपरीवर कटिंग घेऊन उभ्या होत्या. निधी ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती, स्वतःच हसत होती, पण तो एक डोळा हसण्यात सामील नव्हता. पापणी जराशी खाली, बाहुली बारीक, भाजीवाल्याच्या तराजूकडे बघावं तसा तो शर्लिनकडे बघत होता. शर्लिनने चहा गार झालेला असताना उगाच त्यावर फुंकर मारली. मंगळवारपासून तिचं हे असंच चाललं होतं. निधीचं साधं वाक्यही ती हातात घेऊन उलटंपालटं करून बघायची. "मान अजून धरलीय गं" असं निधी म्हणाली, तर त्यात 'तुझ्यामुळे' दडलंय का? "आज मी नुसती बसते" म्हणाली, ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने का म्हणाली? आणि आता हा डोळा. माणूस तोंडाने हसतो, आवाज सांभाळतो, पण डोळ्याला थोडंच पढवता येतं. शर्लिनने पटकन ग्लास ठेवला आणि डॅडीच्या औषधाची वेळ झाली असं सांगून निघाली. औषधाला अजून तास होता.

मंगळवारी जे झालं ते गाळ्यातल्या इतरांच्या दृष्टीने काहीच नव्हतं. कार्लच्या जिउ-जित्सूच्या, म्हणजे जपानी धाटणीच्या कुस्तीच्या, क्लासात बावीस पुरुष आणि या दोघी. बाकीचे जोडीदार बदलायचे, यांची जोडी मात्र ठरलेली, कारण तिसरी बाई नव्हतीच. त्या दिवशी गळा धरायचा सराव होता. मागून बसायचं, एक हात समोरच्याच्या गळ्याभोवती घालायचा, कोपराचा खळगा बरोबर हनुवटीखाली आणायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला कुलूप लावायचं. बघणाऱ्याला वाटतं श्वास कोंडतो. तसं नसतं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, डोक्याकडे जाणारं रक्त थांबतं, आणि धडधाकट माणूस आठ-दहा सेकंदांत मालवतो. म्हणून तर टॅप असतो. जोडीदाराच्या अंगावर दोन थापा मारायच्या आणि त्याने त्या क्षणी सोडायचं, यात दुसरा काही विचार करायचा नाही. पण कार्लने यात आपली एक भर घातली होती, आणि तीही खास या दोघींसाठी. रस्त्यावर कुणी तुमचा टॅप ऐकणार नाही, तो म्हणायचा, म्हणून टॅप झाल्यावरही एक श्वास धरून ठेवायचं, म्हणजे घाबरण्याची सवय मोडते. एक श्वास. तो घड्याळाने मोजायचा नव्हता, धरणारीने आपल्या छातीने मोजायचा होता. हे ऐकून दोघींनी माना डोलावल्या होत्या. आपल्याला पुरुषांपेक्षा अवघड काहीतरी दिलंय याचं त्यांना कौतुकच वाटलं होतं.

आता शर्लिन मरोळ गावठाणातल्या चर्चच्या कॉयरमध्ये पंचवीस वर्षं गात आली होती. लांबलचक ओळ मध्ये न तोडता न्यायची असली की सगळे तिच्याकडे बघायचे. तिचा एक श्वास म्हणजे काय असतो हे तिला माहीत होतं, कार्लला माहीत होतं, कारण तोही त्याच गावठाणातला, लहानपणी त्याच कॉयरमध्ये मागच्या रांगेत उभा राहून खिदळणारा. आणि तरीही एरवी ती पटकन सोडायची. निधीने दोन थापा मारल्या की नावाला छाती फुगवायची आणि हात काढायची. निधी टॅपही लवकर करायची, हात नुसता गळ्याला टेकला की फटफट, आणि मग "सुटले बाई" म्हणत केस सारखे करायची. तिचं सगळंच असं होतं. ऑफिसातली मीटिंग रद्द झाली की सुटले, सासूबाईंनी स्वयंपाक केला की सुटले, नवऱ्याने, चैतन्यने, डबा भरला की सुटले. मंगळवारी पहाटे शर्लिनच्या डॅडीने, म्हणजे लॉरेन्सने, तिसऱ्यांदा चादर ओली केली होती. चार वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली होती, आणि शेजारची इव्हा आंटी तासभर बसायला यायची तेवढाच शर्लिनचा दिवस स्वतःचा असायचा. चादर बदलून, हात साबणाने दोनदा धुऊन ती मॅटवर आली होती. तरीही हाताला वास येतोय असं तिला वाटत होतं. तिने निधीच्या गळ्याभोवती हात घातला. निधीने लगेच दोन थापा मारल्या. शर्लिनने श्वास घेतला, खालून, पोटातून, कॉयरमध्ये घेतात तसा, आणि तो सोडलाच नाही. तिला थापा लागल्या होत्या. पुन्हा दोन लागल्या, जोरात, मनगटाच्या हाडावर. ते तिला स्वच्छ कळलं होतं आणि ती धरूनच राहिली होती, आणि खरं सांगायचं तर त्या सहा-सात सेकंदांत तिला बरं वाटत होतं. मग कार्ल ओरडला, "शर्लिन!" आणि तिच्या हातात निधी नव्हती, नुसतं वजन होतं.

निधी शुद्धीवर आली ती हसतच. मी झोपले होते काय, कुणी फोटो काढला का, असं विचारत होती. दोन थापा, पुन्हा दोन थापा, यातलं तिला काहीच आठवत नव्हतं, असं ती म्हणाली. शर्लिन त्या म्हणण्याला धरून बसली. गळा धरल्याने बेशुद्ध झालेल्याला आधीचं थोडंसं आठवत नाही, कार्लने शिकवलं होतं. पण खरंच नाही आठवत, की आठवत नाही असं म्हणणं सोयीचं आहे? निधी बायकांच्या राजकारणात मुरलेली होती, सासूबाईंच्या मनातलं त्यांच्या आधी ओळखायची, आणि अशी बाई आपण मारलेल्या चार थापा विसरेल? शर्लिन रोज सकाळी उठून स्वतःच्या मनगटाकडे बघायची. तिथे काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान ते दाखवून बोलायला सुरुवात करता आली असती.

रविवारी मिसाची प्रार्थना सुटल्यावर कार्लने तिला चर्चच्या आवारात बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे क्रूसाच्या मागे, जिथे लहानपणी ते चिंचा खायला लपायचे. त्याने आधी डॅडीची चौकशी केली, मग हवेची, आणि मग मुद्द्यावर आला. क्लासच्या ग्रुपवर मंगळवारबद्दल काही लिहू नकोस. निधीशीही फार बोलत बसू नकोस, बोललं की गोष्ट वाढते. शर्लिनने विचारलं की त्या एका श्वासाचं काय, तो नियम तूच सांगितला होतास ना. कार्लने मान खाली घातली आणि बुटाने एक खडा ढकलला.

"मी एक श्वास म्हणालो होतो, तुझा श्वास नव्हतो म्हणालो," तो म्हणाला. "आणि तसं मी काही म्हणालोच नाही, समजलं काय गो?"

तो वाईट माणूस नव्हता. डॅडीला झटका आला त्या दिवशी त्यानेच त्यांना उचलून रिक्षात घातलं होतं. पण आता तो तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती कृतज्ञ नव्हती, प्रेमळ नव्हती, ती मापणारी होती, ही किती बोलेल आणि कुणाजवळ, याचा अंदाज घेणारी. आणि मग शर्लिनला वाटलं, मीही पाच दिवस निधीकडे याच नजरेने बघतेय. घरी जाऊन तिने टिनाला, तिच्या धाकट्या बहिणीला, कॅनडात फोन लावला. सांगायचं होतं सगळं, पण सांगता सांगता ते दुसरंच झालं, लहानपणी आपण कुस्ती खेळायचो ते आठवतं का, असं काहीतरी. टिना हसली. म्हणाली, आठवतं ना, तू उशी तोंडावर दाबायचीस आणि मी सोड सोड म्हणून ओरडले तरी सोडायची नाहीस, ममी आली की मगच सोडायचीस. शर्लिनला हे अजिबात आठवत नव्हतं. तिच्या आठवणीतली शर्लिन टिनाची वेणी घालणारी होती, तिला शाळेत सोडणारी होती. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती डॅडीच्या खाटेशी बसून राहिली. आपल्या आत एक बाई आहे, आपल्याला न सांगता आपल्या हातांनी कामं उरकणारी, आणि तिची खबर सगळ्यांना आहे, फक्त आपल्याला नाही, अशी शंका तिला आली.

सोमवारी सकाळी ती डॅडीचं तोंड पुसत होती. रोजचंच काम. कोमट पाण्यात टॉवेल बुडवायचा, पिळायचा, कपाळावरून सुरू करायचं. डॅडी तिच्याकडे बघत होते. एक डोळा उघडा आणि एक अर्धा, चार वर्षं तो तसाच होता. सुरुवातीला, हॉस्पिटलमधून आणल्यावर, त्या अर्ध्या डोळ्याचा तिला राग यायचा. डॅडी आपल्याकडे रागाने बघतायत, आपण केलेलं त्यांना पसंत नाही, असं वाटायचं, आणि मग फिजिओथेरपीवाल्या बाईंनी समजावलं होतं की ते बघणं नाही, ती पापणी त्यांच्या ताब्यात नाही, बस. शर्लिनचा हात थांबला. टॉवेलातलं पाणी डॅडीच्या मानेवरून उशीवर उतरलं. शनिवारचा निधीचा डोळा तिला पुन्हा दिसला, सावकाश, नीट, आणि आता त्यात कसलाच संशय नव्हता, कसलाच हिशोब नव्हता. त्या पापणीत कुणी नव्हतंच. ती नुसती खाली आली होती. आणि शर्लिन दोन दिवस त्या पापणीशी मनातल्या मनात वाद घालत बसली होती.

तिने निधीला फोन केला. निधीने उचलला तो कण्हतच. आज ऑफिसला दांडी, म्हणाली, डोकं एका बाजूने फुटतंय, कानामागे ठणका लागलाय, आणि गंमत म्हणजे उशीवर डोकं ठेवलं की कानात स्वतःचंच हृदय धडधडतं, सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या पित्त. पण तू काळजी करू नको, आत्ता लवूमामा येतायत, सासूबाईंच्या गावचे, मान मोडून देतात, एका झटक्यात शीर मोकळी. शर्लिनने तिला सांगितलं की मी येईपर्यंत मानेला कुणाला हात लावू देऊ नकोस. का गं, निधीने विचारलं. शर्लिनला तेव्हाच सांगता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. ती म्हणाली, येऊन सांगते, आणि इव्हा आंटीला हाक मारून, डॅडीचा नाश्ता तसाच टाकून रिक्षा पकडली. हायवेवर सगळं तुंबलेलं होतं. गोरेगावला मेट्रोच्या खांबाखाली रिक्षा उभी राहिली ती उभीच राहिली, आणि शर्लिन मोबाईलवर बघत बसली, गळा दाबल्यानंतर पापणी खाली का येते. जे आलं ते तिने दोनदा वाचलं. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर पडू शकते. माणूस हिंडतो-फिरतो, चहा पितो, नकला करतो, आणि त्या चिरेपाशी साखळलेलं रक्त कधीतरी सुटून डोक्यात जातं. तासांनी, दिवसांनी, कधीकधी मानेला झटका बसला की. तिने रिक्षावाल्याला गल्लीतून घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, गल्लीतून पण पॅकच आहे ताई. त्याचा आवाज तिला मुद्दाम संथ वाटला.

बोरीवलीला निधीच्या सोसायटीत पोचली तेव्हा दार उघडंच होतं. हॉलमध्ये चटई अंथरलेली, वाटीत कोमट तेल, सासूबाई सुलक्षणाबाई टॉवेल घेऊन उभ्या, आणि चटईवर बसलेल्या निधीच्या मागे गुडघ्यावर बसलेले लवूमामा. त्यांचा एक तळवा निधीच्या हनुवटीखाली होता आणि दुसरा डोक्याच्या मागे. "शीर चढली हा, एक झटको दिलो काय मोकळी," असं ते सुलक्षणाबाईंना सांगत होते. शर्लिन चपलांसकट आत गेली.

"हात काढा मामा. आधी डॉक्टरला दाखवू या."

सुलक्षणाबाईंचा चेहरा उतरला. ही कोण टिकोजीराव, असं त्यांच्या कपाळावर उमटलं. पण लवूमामा जुने माणूस, त्यांनी शर्लिनच्या तोंडाकडे बघितलं, काहीतरी ओळखलं आणि हात सावकाश काढून घेतले. दाखवा तर दाखवा, म्हणाले, मान काय पळून जात नाही. निधी उठली, ओढणी घेतली, आणि दोघी खाली आल्या. रिक्षात ती बाहेर बघत होती आणि शर्लिन तिच्या मानेकडे. मानेवर साधा ओरखडाही नव्हता. प्रत्येक स्पीडब्रेकरला शर्लिन रिक्षावाल्याला हळू म्हणत होती, आणि स्वतःशी म्हणत होती, आता सांग, आता सांग, आणि सांगत नव्हती. निधीने फोन उघडून चैतन्यला मेसेज केला. काय लिहिलं ते दिसत नव्हतं. शर्लिनने मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला आणि आपण काय करतोय ते लक्षात येऊन तिला स्वतःची शिसारी आली.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी निधीच्या डोळ्यांत टॉर्च मारला, एकदा या, एकदा त्या, आणि त्यांचा चेहरा कामाला लागला. हात वर करा, हसून दाखवा, जीभ बाहेर काढा. मग विचारलं, मानेला काही मार, झटका, अपघात? जिमला जाता? कुणी मान दाबली, मोडली?

निधीने शर्लिनकडे बघितलं. मग डॉक्टरबाईंकडे. "नाही," ती म्हणाली. "उशी बदलली होती."

म्हणजे कार्लने हिलाही फोन केलाय, शर्लिनला वाटलं. मग वाटलं, की ही आपल्याला वाचवतेय. मग वाटलं, ही आपली परीक्षा बघतेय. तीनही गोष्टी एकदमच खऱ्या वाटल्या आणि त्यांतली कुठली खरी हे शोधत बसायला वेळ नव्हता. डॉक्टरबाई कागदावर लिहायला लागल्या होत्या. त्यांनी 'उशी' लिहिलं की काम झालं असतं, वेदनाशामक गोळ्या आणि मानेचा पट्टा घेऊन दोघी घरी गेल्या असत्या.

"उशी नाही," शर्लिन म्हणाली. "मी गळा धरला होता. मंगळवारी, जिउ-जित्सूच्या क्लासमध्ये. ती बेशुद्ध झाली होती."

"किती वेळ धरला होता?"

"टॅपनंतर सहा-सात सेकंद. तिने टॅप केला होता. दोनदा केला. मला कळला होता."

डॉक्टरबाईंनी सेकंदच तेवढे लिहिले, उरलेल्याचा त्यांना उपयोग नव्हता. त्या वळून फोनवर बोलायला लागल्या, स्कॅनची जागा आत्ताच्या आत्ता मोकळी करा म्हणाल्या, आणि निधीला उठून चालायलाही मनाई झाली. स्ट्रेचर आलं. सगळं भराभर झालं आणि मग दीड तास काहीच झालं नाही. त्या दीड तासात शर्लिनला कॉरिडॉरमधला प्रत्येक माणूस आपल्याबद्दल बोलतोय असं वाटत होतं. निधीला परत आणलं तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं की डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर आहे, तिथे रक्त साखळायला लागलंय, पण डोक्यात अजून काही गेलेलं नाही. रक्त पातळ करणारं औषध सुरू करतोय, काही दिवस इथेच राहावं लागेल, धोका टळला असं आज म्हणणार नाही, पण वेळेवर आलात. मान मोडून घेतली असती तर, असं म्हणून त्या थांबल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

पडद्याआड दोघीच उरल्या. निधी सपाट झोपली होती, छताकडे तोंड करून. ती बोलली तेव्हा तिचा आवाज ऑफिसात फोनवर बोलते तसा शांत होता.

"दुसऱ्यांदा टॅप केला ते मला आठवतं," ती म्हणाली. "मला वाटलं तू सांगशील. मी वाट बघितली."

मग तो डोळा सोडून बाकी सगळं खरं होतं. निधीला कळलं होतं, पहिल्या मिनिटापासून, आणि त्या हसण्यामागे, त्या नकलांमागे ती रोज तिला एक संधी देत होती. शर्लिनने संशय घेण्यात एकही दिवस फुकट घालवला नव्हता, फक्त संशयाखाली ती संधी तिला दिसली नव्हती.

"एकच विचारते," निधी म्हणाली. "तू सोडलंस ते मी पडले म्हणून, की तुला सोडावंसं वाटलं म्हणून?"

शर्लिनला खोटं बोलता आलं असतं. त्यात कुणाचं काही बिघडणार नव्हतं, डॉक्टरबाईंना हवं ते मिळालं होतं. "कार्ल ओरडला म्हणून," ती म्हणाली.

निधीने डोळे मिटले. कडेने पाणी येऊन कानाकडे गेलं आणि डोकं हलवायला मनाई असल्यामुळे तिला ते पुसता आलं नाही. शर्लिनने हात पुढे केला.

"नको," निधी म्हणाली. "बाहेर बस."

शर्लिन बाहेर येऊन बाकड्यावर बसली. तिच्या फोनवर कार्लचे चार मिस्ड कॉल होते, इव्हा आंटीचा एक मेसेज होता, की डॅडी जेवले, तू सावकाश ये. तिने फोन उलटा ठेवला. अर्ध्या तासाने चैतन्य आला, शर्टाची एक बाही वर, एक खाली, धापा टाकत. आईने त्याला सगळं सांगितलं होतं, म्हणजे जेवढं तिला माहीत होतं तेवढं. त्याने शर्लिनला ओळखलं, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला की तुम्ही आज देवासारख्या धावून आलात, तुम्ही नसता तर काय झालं असतं, आमच्या घरचं कुणी इतकं करत नाही. त्याचे हात घामाने ओले होते आणि तो ते सोडत नव्हता. शर्लिनने आपले हात त्याच्या हातांतून सोडवून घेतले.

"बसा जरा," ती म्हणाली. "हे माझ्या हातून झालंय. मी पहिल्यापासून सांगते."